पैसे देऊन मार खायचा, तो का?

"एकोणीस," हिंचक्यावरून आत्या म्हणाली.

"काय एकोणीस?"

"जेवणं झाल्यापासून तू एकोणीस वेळा मेलास. मी मोजतेय. आणि ती गेमची डिस्क कितीला आणलीस म्हणालास?"

२०२२ चा मे महिना होता. मे महिन्याच्या दुपारी बडोद्यातला रावपुऱ्याचा रस्तासुद्धा ओस पडतो, असलं ऊन. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात पुढच्या खोलीत हिंचका आहे (पुण्याकडच्यांनी झोपाळा वाचावं), हिंचक्यासमोर टीव्ही, आणि टीव्हीसमोर फरशीवर मांडी घालून बसलेला, कानशिलावरचे केस पिकायला लागलेला मी. पडद्यावर पुन्हा एकदा लाल इंग्रजी अक्षरं उमटली : तुम्ही मेलात.

"वीस," आत्या म्हणाली. "लोक पैसे देऊन अंग रगडून घेतात. तू पैसे देऊन मार खातोस. कमाल आहे."

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. त्यानंतर हाच प्रश्न कारखान्यातल्या मित्रांनी विचारला आणि परवा बहिणीनंही विचारला, कारण तिच्या मुलाला आता तोच खेळ हवाय. तिला फोनवर समजावताना लक्षात आलं की गोष्ट दिसते तेवढी सरळ नाही. म्हणून जरा बैजवार लिहितोय. ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं बटणांचं यंत्र, हातात धरला नाही, त्यांनाही कळावं अशा बेतानं.

खेळाचं नाव 'एल्डन रिंग'. टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं तो बनवला आणि बांदाई नामकोनं २५ फेब्रुवारी २०२२ ला बाजारात आणला. पहिल्या तीनेक आठवड्यांतच १ कोटी २० लाख प्रती गेल्या, वर्षभरात २ कोटी. त्यामुळे मार खाणारा मी एकटा नव्हतो, हे आत्याला मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

अशा खेळांना ॲक्शन रोल-प्लेइंग म्हणतात, आणि या नावात दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधल्या आहेत. रोल-प्लेइंग म्हणजे तुम्ही एक पात्र घडवता. शत्रू मारून 'रून' नावाचं चलन मिळवायचं, ते खर्चून पात्राची ताकद, चपळाई, अक्कल वाढवायची, तलवार घडवून आणायची, चिलखत बदलायचं. ॲक्शन म्हणजे प्रत्यक्ष लढाई, जी तुमच्या बोटांनी लढायची. बहुतेक खेळांत पहिलीनं दुसरीची उणीव भरून निघते. हात बेताचे असतील तर चार तास भटकून पात्र दणकट करा, मग कसेही वार करा, जिंकता. इथे तेवढ्यावर भागत नाही. पात्र कितीही वाढवलं तरी चुकीच्या क्षणी बटण दाबलं की जमीनदोस्त. आणि उलट, पहिल्या लेव्हलवरचं पात्र जराही न वाढवता खेळ शेवटापर्यंत नेणारे लोकही आहेत. शिवाय सोपं, मध्यम, कठीण असा पर्याय कुठेच नाही. सगळ्यांना एकच पेपर.

हा हट्ट जुना आहे. फ्रॉमसॉफ्टवेअर १९८६ मध्ये सुरू झाली ती ऑफिसात लागणारी सॉफ्टवेअर करायला. पहिला खेळ १९९४ मधला. हिदेताका मियाझाकी नावाचा माणूस आधी ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होता. तो २००४ मध्ये इथे आला आणि कंपनीत रखडलेला, सगळ्यांनी आशा सोडलेला एक प्रकल्प त्यानं मागून घेतला. फसलेल्याच कामाला आणखी कोण काय बोलणार, मग आपल्या मनासारखं करून घ्यावं, असा त्याचा हिशोब. त्यातून २००९ मध्ये 'डीमन्स सोल्स' निघाला. सोनीचे तेव्हाचे बडे अधिकारी शुहेइ योशिदा यांनी तो आधी खेळून पाहिला, दोन तासांनंतरही ते सुरुवातीलाच अडकलेले होते, आणि त्यांनी हा खेळ वाईट ठरवला. सोनीनं तो जपानात आणला, पण अमेरिका-युरोपात आणलाच नाही; अमेरिकेत ॲटलस या दुसऱ्या कंपनीनं आणला. मग २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आला आणि या प्रकारच्या खेळांना 'सोल्सलाइक' असं जातिवाचक नावच पडलं. मियाझाकी २०१४ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. योशिदांनी आपली चूक पुढे उघडपणे कबूल केली, हे मला त्यांच्याबद्दल आवडतं.

असो. आता त्या दुपारकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

मला वीस वेळा मारणारा इसम म्हणजे मार्गिट. एका मोठ्या किल्ल्याच्या दाराशी पुलावर उभा असतो. किल्ल्याच्या वाटेवरचा पहिला मोठा बॉस, म्हणजे वाट अडवून बसलेला खास दणकट शत्रू. दीड-दोन पुरुष उंच, अंगाभोवती फाटकं कांबळं, डोक्यावर शिंगं, हातात वेडीवाकडी लाकडी काठी. तो काठी डोक्यावर नेतो. तुम्हाला वाटतं, आली. तुम्ही बाजूला लोळण घेता, ज्याला खेळणारे 'रोल मारणं' म्हणतात. पण काठी वरच असते. तुम्ही लोळून उठताय, उठता उठता दम खाताय, आणि तेवढ्यात ती काठी शांतपणे खाली येते. बरोबर डोक्यात.

याच्या आत काय चाललेलं असतं ते सांगतो. पडद्यावर दोन पट्ट्या महत्त्वाच्या. तांबडी म्हणजे जीव, हिरवी म्हणजे दम. वार करा, रोल मारा, धावा, ढालीवर फटका घ्या, प्रत्येक गोष्टीला दम लागतो. दम संपला की हात उचलत नाही. दुसरं, एकदा वाराचं बटण दाबलं की तो वार पूर्ण होईपर्यंत माघार नाही. जड तलवार उचलली म्हणजे उचलली. मधेच "नको, राहू दे" चालत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत मजेची. रोल मारताना त्याच्या सुरुवातीच्या भागात, अर्ध्या सेकंदाहूनही थोडा कमी वेळ, तुम्हाला काहीही लागत नाही. तलवार अंगातून आरपार जाते आणि तुम्ही शाबूत. म्हणजे वारापासून लांब पळायचं नसतंच. वार अंगावर येईल त्या क्षणी रोलमध्ये असायचं, एवढंच. (अंगावर झेपेल त्याच्या ७० टक्क्यांहून जास्त वजन चढवलं तर रोल जड होतो आणि हा अवधीही आखडतो. म्हणून भारी चिलखतात मिरवणारा नवशिका आधी मरतो.)

मार्गिटला हे सगळं माहीत आहे, म्हणजे त्याला घडवणाऱ्यांना माहीत आहे. घाबरलेला माणूस हालचाल दिसली की लगेच बटण दाबतो, हे ओळखून त्यांनी ती काठी वर थांबवून ठेवली आहे.

मला हे कळायला किती वेळ लागला असता कोण जाणे. पण बाविसाव्या की तेविसाव्या मरणानंतर हिंचका थांबला आणि आत्या म्हणाली, "अरे, तो थांबतोय. तू थांबत नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी टाळी आधी पडतेय."

आत्यानं आयुष्यात व्हिडिओ गेम खेळलेला नाही. पण बडोद्यात जन्मून सत्तर वर्षं काढलेली बाई आहे, आणि त्यातली निदान पन्नास वर्षं नवरात्रात गरबा खेळलेली. तिनं हाताच्या बोटांनी हिंचक्याच्या कडीवर ठेका धरला. "नवीन मुली बघ. त्रण तालीत तिसरी टाळी कधी येणार या घाईनं हात आधीच जोडतात. मग वळायला उशीर. मग मागचीचा पाय पायावर. ज्याला येतं तो टाळीची वाट बघत नाही, टाळीपर्यंत चालत जातो."

मी पुढच्या वेळी मार्गिटच्या काठीकडे बघितलंच नाही. त्याच्या खांद्याकडे बघितलं. काठी वर असते तोवर खांदा स्थिर असतो. फटका सुटायच्या आधी तो किंचित खाली येतो. खांदा हलला, रोल. आणि मागे नाही, पुढे, थेट त्याच्याकडे. फिरत्या गरब्यात शिरणारा माणूस रिंगणापासून दूर सरकत नाही, रिंगणाच्या चालीनं आत जातो, तसा. काठी डोक्यावरून गेली. मी त्याच्या पाठीमागे उभा होतो आणि त्याची पाठ मोकळी होती.

ज्या गोष्टीसाठी लोक हे खेळ खेळतात ती या एका सेकंदात आहे. जिंकणं पुढची गोष्ट. त्या सेकंदात काय घडलं? पात्राची लेव्हल तीच, तलवार तीच, मार्गिट तोच. बदललो मी. पाच मिनिटांपूर्वी जी हालचाल मला नुसती धांदल वाटत होती ती आता वाचता येत होती. अनोळखी लिपीतलं एक अक्षर अचानक ओळखू यावं, तसं.

माझा धंदा मेंटेनन्सचा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्यात मशीनं चालू ठेवायचं काम करतो. तिथला एक अनुभव इथे चपखल बसतो. आमच्याकडे दोन तऱ्हेची मशीनं आहेत. एक, ज्याचा मोटर चालवणारा ड्राइव्ह ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की छोट्या पडद्यावर कोड येतो : करंट जास्त, व्होल्टेज कमी, मोटर तापली. रात्री दोनला बोलावलं तरी त्या मशीनचा राग येत नाही. ते बंद का पडलं ते सांगतंय. दुसरं जुनं मशीन आहे, नुसतंच बंद पडतं. कधी सुरूही होतं आपोआप. त्याला सगळे शिव्या घालतात, आणि एका ऑपरेटरनं त्याला लिंबू-मिरची बांधली आहे.

चांगला कठीण खेळ पहिल्या जातीचा. तो हरवतो पण कोड देतो. आधी रोल मारलास. दम संपेपर्यंत वार करत राहिलास. औषधाची कुपी पिण्याची घाई केलीस. प्रत्येक मरणाला कारण आहे, आणि बहुतेक वेळा ते कारण तुम्हाला जमिनीवर कोसळताकोसळताच कळतं. म्हणून हात पुन्हा बटणाकडे जातो. खेळ कठीण असल्यामुळे माणूस चिकटत नाही, कठीण तर खूप काही असतं. पुढच्या वेळी काय वेगळं करायचं हे माहीत असल्यामुळे चिकटतो.

रॉबर्ट बियॉर्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये शिकण्याबद्दल एक कल्पना मांडली, मराठीत तिला 'उपकारक अडचण' म्हणता येईल. शिकताना थोडा अडथळा आला, आठवायला कष्ट पडले, सरावात खंड पडला, तर तेव्हा प्रगती कमी दिसते पण शिकलेलं जास्त टिकतं. मात्र एक अट आहे. अडचण शिकणाऱ्याच्या आवाक्यातली हवी. आवाक्याबाहेरची अडचण उपकारक नसते, ती नुसती अडचण. सरावातल्या खंडाचा अनुभव तर या खेळांत सगळ्यांना येतो. रात्री बारापर्यंत तीस वेळा आपटायचं, चिडून झोपायचं, आणि सकाळी चहाच्या आधी पहिल्याच खेपेला जिंकायचं. हातांनी शिकलेली गोष्ट झोपेत पक्की होते, हे संशोधकांनी दाखवलेलंच आहे. मला त्यासाठी मार्गिट भेटावा लागला.

मरणाची किंमतही बेतून ठेवलेली आहे. मेलात की साठवलेले सगळे रून तिथेच सांडतात. पुन्हा त्या जागी जाऊन उचलले तर तुमचे; वाटेत परत मेलात तर कायमचे गेले. पण वाढवलेलं पात्र, मिळवलेल्या वस्तू, उघडलेले रस्ते यातलं काही जात नाही. खिशातले सुटे जातात, बँकेतले राहतात, असं समजा. नकाशावर ठिकठिकाणी सोनेरी उजेडाच्या विसाव्याच्या जागा आहेत. तिथे बसलं की जीव भरतो, औषधाच्या कुप्या भरतात, आणि त्याच क्षणी मोठे बॉस सोडून मारलेले सगळे शत्रूही जिवंत होतात. म्हणजे विसाव्याचंही भाडं आहे. खिशात पाच हजार रून, कुपी एकच, पुढे अंधारी वाट, मागे विसावा. पुढे जायचं की परत? या एका प्रश्नावर कितीतरी तास निघून जातात. घरचे समजतात हा मारामारी करतोय. तो बराच वेळ घाबरत घाबरत चालत असतो.

जुन्या खेळांत बॉसपासून विसावा फार लांब असायचा. मरायचं, मग दोन-तीन मिनिटं त्याच जिन्यावरून, त्याच शिपायांना चुकवत पुन्हा यायचं. एल्डन रिंगमध्ये बॉसच्या जवळच पुन्हा उभं राहायची सोय बहुतेक ठिकाणी आहे. काही जुने खेळाडू म्हणतात, यानं मजा गेली. माझ्या गुडघ्यांचं मत वेगळं आहे.

आता या खेळाच्या भक्तांना न आवडणारं थोडं. प्रत्येक मरण न्याय्य असतं हे खोटं आहे. बॉस फार मोठा असला की कॅमेरा त्याच्या काखेत जातो आणि दिसतो फक्त लोकरीचा गोळा. तिथे कोड-बिड काही नाही. मलेनिया नावाची एक योद्धी आहे. तिचा वार तुम्हाला लागला की तिचाच जीव भरतो, ढालीवर घेतला तरी भरतो. त्यात हवेत उडून ती जी वारांची माळ सोडते, ती पहिल्यांदा पाहून समजून घेणं जवळपास अशक्य. मी तिच्यापायी तीन आठवडे घालवले आणि मला अजूनही तो डाव अन्यायाचा वाटतो. शिवाय खेळाच्या उत्तरार्धात आधी भेटलेले बॉस पुन्हा पुन्हा भेटतात, तो सरळ आळशीपणा आहे. २१ जून २०२४ ला याचा विस्तार आला, 'शॅडो ऑफ द एर्डट्री', तेव्हा तर फारच ओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीनं आकडे जरा सैल केले. म्हणजे त्यांनाही तोल सांभाळताना हात कापतात.

बरं, नुसती लढाई असती तर मी इतका गुंतलो नसतो. या खेळांची दुसरी ओढ कमी बोलली जाते : ते काही सांगतच नाहीत.

एल्डन रिंगच्या जगाचा जुना इतिहास 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचला, त्यावर फ्रॉमसॉफ्टवेअरनं खेळ उभा केला. पण तो इतिहास तुम्हाला कुणी बसवून ऐकवत नाही. एका अंगठीच्या माहितीत दोन ओळी, एका पडक्या देवळातल्या मूर्तीचं तुटलेलं तोंड, एका म्हातारीचं अर्धवट वाक्य. जोडा तुमचं तुम्ही. मियाझाकीनं एका मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी घरी पुस्तकांना पैसे नसत, तो वाचनालयातून इंग्रजी अद्भुतकथा आणायचा. त्या त्याला पुऱ्या कळत नसत. जिथे कळत नसे तिथे चित्रांवरून स्वतःच गोष्ट भरून काढायचा. त्याचे खेळ असेच वाचायचे असतात.

आमच्या माळ्यावर पणजोबांची एक पेटी आहे, गायकवाडी अमलातल्या मोडी कागदांनी भरलेली. घरात मोडी कुणालाच येत नाही. बाबांना एक 'श्री' आणि एखादं आडनाव ओळखू यायचं, आणि त्या दोन शब्दांवर ते आम्हाला अख्खी हकिकत सांगायचे : जमीन कशी मिळाली, कुणी बळकावली. खरी किती, देव जाणे. पण नीट लिप्यंतर केलेला कागद हातात असता तर ती पेटी आम्ही इतक्या वेळा उघडली असती असं मला वाटत नाही.

हा खेळ हिंदीतही नाही, मराठी तर सोडाच. सगळा मजकूर जुनाट वळणाच्या इंग्रजीत. इथे आत्या कामाला आली, कारण ती शाळेत इंग्रजी शिकवायची. खेळात आपल्या पात्राला 'टार्निश्ड' म्हणतात. मी ते कुठल्या तरी टोळीचं नाव समजून पुढे गेलो होतो.

"नाव कुठलं," आत्या म्हणाली, "चांदीचं भांडं ठेवून ठेवून काळं पडतं ना, ते. झळाळी गेलेला. त्याला कुणी टाकून दिलंय वाटतं." मग थोडं थांबून, "पीतांबरी लावा म्हणावं."

तिनं पहिला भाग बरोबर ओळखला होता. या पात्रांच्या डोळ्यांतला दैवी उजेड काढून घेऊन त्यांना देशोधडीला लावलेलं असतं. एका शब्दात तेवढं सगळं होतं आणि मी वीस तास ते ओलांडून चाललो होतो.

आणि तिसरी ओढ, माणसांची. खेळ एकट्यानं खेळायचा, पण एकटेपणा पूर्ण नसतो. जमिनीवर जागोजागी उजळ खुणा दिसतात. जगात कुठेतरी हाच खेळ खेळणाऱ्यांनी ठेवलेले निरोप. मनाला येईल ते लिहिता येत नाही, ठरावीक शब्द जुळवून वाक्य करायचं. "पुढे सावध." "उजवीकडे बघ." काही जण कड्याच्या टोकावर "उडी मार, खजिना आहे" असंही लिहून जातात, आणि खाली खजिना नसतो. रक्ताच्या डागाला हात लावला तर तिथे मेलेल्या कुणाचे तरी शेवटचे काही क्षण लाल सावलीसारखे दिसतात, आणि हा कशानं मेला ते बघून आपण शहाणे होतो. मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी की तुमचा निरोप कुणाला उपयोगी वाटून त्यानं पसंती दिली, तर त्याच क्षणी तुमच्या पात्राचा जीव थोडा भरतो. एकदा मी मरणाच्या दारात होतो आणि पट्टी आपोआप वर गेली. कुठल्या तरी देशातल्या कुणाला तरी माझं "पुढे शिडी" आवडलं होतं.

ही कल्पना कुठून आली तेही मियाझाकीनं सांगितलंय. बर्फाच्या दिवसांत एका चढावर त्याच्या पुढची गाडी अडकली, मागच्या सगळ्या अडकल्या. मग मागच्या गाड्या पुढच्यांना ढकलू लागल्या आणि एकेक करून चढ चढल्या. तोही चढला. ढकलणाऱ्याला धन्यवाद द्यायला थांबला असता तर पुन्हा अडकला असता, म्हणून थांबता आलं नाही. नंतर त्याच्या मनात राहिलं : सगळ्यात शेवटच्या गाडीचं काय झालं असेल?

हे बडोद्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२४ अखेरीस विश्वामित्री शहरात घुसली तेव्हा सयाजीगंजात माझी स्कूटर गुडघाभर पाण्यात बंद पडली. नदीतल्या मगरी वस्त्यांत शिरल्याच्या बातम्या सकाळपासून ऐकत होतो, त्यामुळे पाण्यात पाय ठेवताना काय वाटत होतं ते सांगत नाही. मागून दोन पोरं आली, एक शब्द न बोलता स्कूटर ढकलत उंचवट्यावर नेऊन ठेवली आणि पुढच्या रिक्षाकडे गेली. चेहरेही आठवत नाहीत.

खेळात मदतीला प्रत्यक्ष बोलावताही येतं. जमिनीवर सोनेरी खूण असली की ती दाबायची, तो खेळाडू भुतासारखा तुमच्या जगात येऊन तुमच्याबरोबर लढतो आणि काम झालं की विरून जातो. २०२२ मध्ये असा एक जण प्रसिद्ध झाला. अंगावर लंगोटी, डोक्यावर मडकं, दोन हातांत दोन तलवारी. मलेनियाच्या दाराशी उभा राहायचा आणि बोलावणाऱ्याला खूण करून सांगायचा, तू बाजूला हो, मी बघतो. त्यानं दुसऱ्यांसाठी तिला हजारांहून जास्त वेळा हरवलं. शेवटी बांदाई नामकोनं त्याला खरीखुरी तलवार घरी पाठवली. आधी त्यानंही तिच्याकडून पोटभर मार खाल्ला होता.

बहिणीनं शेवटी विचारलं ते व्यवहाराचं : घेऊन देऊ का नको? मी म्हटलं, पोरगं लहान असेल तर नको, रक्त आणि भेसूरपणा भरपूर आहे. मोठा असेल तर आधी त्याच्या शेजारी बसून बघ. मेल्यावर तो "आता कळलं" म्हणतोय की कंट्रोलर आपटतोय? पहिलं असेल तर खेळू दे. दुसरं सारखं होत असेल तर खेळ त्याला काही शिकवत नाहीये, नुसता छळतोय. आणि हे सगळ्यांसाठी नाहीच. ज्यांची बोटं साथ देत नाहीत, ज्यांच्याकडे दिवसाकाठी अर्धा तासच आहे, त्यांच्यावर हा खेळ कठोर आहे आणि त्यातली कठोरता सगळीच गरजेची आहे असं मला वाटत नाही. एखादी हलकी पायरी ठेवली असती तर माझं काही बिघडलं नसतं.

हो, आणि घरच्यांनी आणखी एक जाणून ठेवावं. या खेळाला साधं पॉजचं बटण नाही. मेन्यू उघडला तरी जग चालू राहतं. मेन्यूच्या पोटात खेळ थांबवण्याची एक आडवाट पुढे लोकांनी शोधून काढली, पण हातघाईच्या वेळी ती कुणाला आठवते. म्हणून "जरा दार उघड, दूधवाला आलाय" म्हटल्यावर पोरगं "एक मिनिट" ओरडतं, तेव्हा ते उद्धट नसतं. निदान दरवेळी नसतं.

त्या दुपारची संध्याकाळ झाली. आत्यानं भाजी निवडता निवडता ठेका धरलेला. "थांब... थांब... आता." मी रोल. "थांब... आता." मी पुन्हा त्याच्या पाठीशी, एक वार, फक्त एक, आणि बाजूला. मार्गिटचा जीव निम्म्यावर येत चालला होता, आणि तेवढ्यात त्यानं रिकाम्या हातात उजेडाचा भलामोठा सोनेरी हातोडा काढला. हे आम्ही दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण आधी कधी इथवर पोचलोच नव्हतो.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "हा तर चाल बदलतोय."

हातोडा खाली आला. लाल अक्षरं.

मी मोजदाद विचारली. तिनं मधेच सोडून दिली होती म्हणाली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून आवाज दिला, "पानं घेतलीत. ते तुझे पैसे पडलेत ना, ते तिथंच राहतात का?"

"राहतात. परत मरेपर्यंत."

"मग आधी जेव. वरण गार होईल."